चहा केला, ओके

३ फेब्रुवारी, सोमवार
प्लास्टर निघालं. कंपनीच्या बसमधून उतरताना उजवं मनगट मोडलं होतं, माणूस मोडलेला नाही. १७ तारखेला चाकणला ड्युटी जॉइन करणार म्हणजे करणार. सव्वीस वर्षं क्वालिटीत आहे. माझ्या व्हर्निअरने मोजल्याशिवाय लाइनवरून एक पार्ट हलत नाही. सध्या माझ्या टेबलावर निरंजन बसतो. त्याला मशिनचा बुश आणि बायकांची बांगडी यांतला फरक कळत नाही.

४ फेब्रुवारी
फिटनेस सर्टिफिकेटला ऑक्युपेशनल थेरपिस्टची सही लागते म्हणे. योगिनी नावाची मुलगी. वय माझ्या सर्व्हिसएवढं. वाटलं, मोठमोठी मशिन असतील. तिने शर्टाची बटणं लावायला सांगितली! दिवसभर काय काय करता, असं विचारलं. मी रिजेक्शनचे आकडे सांगू लागलो, तर म्हणाली, तसं नाही, घरी. घरी काय करणार? घरी माणूस बसतो. रोजचं जगणं हीच थेरपी, असं तिचं म्हणणं. चहा करा, चिमटीने साखर घाला, लसूण सोला, कणीक मळा. रोज टिक करायला तक्ता दिला. यासाठी लोक डिग्री घेतात.

७ फेब्रुवारी, सकाळी ७.१०
चहा उद्यापासून. आज सुमेधाने आधीच केला होता. बायकोने केलेला चहा ओतून देणं आपल्या संस्कारात नाही.

९ फेब्रुवारी, रविवार
लसणाची एक पाकळी सोलली. अर्धी. सुमेधा म्हणाली, राहू द्या, पाहुणे जेवायला आज आहेत, उद्या नाहीत. घरूनच सहकार्य नसेल तर पेशंटने काय करायचं?

१२ फेब्रुवारी, दुपारी
तक्ता कोरा. बसून भरला. अडाणी लोक महिन्याचं चेकशीट एकाच पेनने भरतात आणि ऑडिटमध्ये सापडतात. निरंजनला मी असाच पकडला होता. मी तीन पेनं वापरली, या डायरीसारखीच डाव्या हाताने. शनिवारी ‘कणीक नाही, एकादशी’ असं लिहिलं. त्याने खरेपणा येतो. बाकी सगळीकडे चहा केला, ओके.

१३ फेब्रुवारी
निरंजनचा फोन. सर, कधी येताय? आवाजच बसलेला. सोमवारी टेबल मोकळं ठेव म्हणालो.

१५ फेब्रुवारी, शनिवार, सकाळी ११.४०
तक्ता बघून योगिनी म्हणाली, छान, आता चहा करून दाखवा. म्हटलं, मॅडम, चहा कँटीनवाला करतो, मी काय करतो ते बघा. पिशवीतून व्हर्निअर काढला. तिच्या पेनाची जाडी मोजून दाखवणार होतो. अंगठा लावला. सरकेना. पुन्हा लावला. चिमूट सुटली आणि व्हर्निअर फरशीवर पडला. सव्वीस वर्षांत कधी पडला नव्हता.

ती हसली असती तर बरं झालं असतं. व्हर्निअर उचलून माझ्या हातात दिला. म्हणाली, काका, साखरेच्या चिमटीला, बटणाला आणि याला अंगठा तोच लागतो. सहीचं सहा आठवड्यांनी बघू. नवा कोरा तक्ता दिला.

संध्याकाळी ५.३०
भीती वाटली. हात गेला तर मी कोण, असं रिक्षात सारखं वाटत होतं.

निरंजनला मेसेज केला, टेबल सांभाळ. मग स्वयंपाकघरात गेलो आणि साखर कशात असते ते सुमेधाला विचारलं. तिने नुसतं बोट दाखवलं. डब्याचं झाकण मला निघेना, तेही तिनेच काढून दिलं. चहा मी केला. तिने एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

तक्त्यात लिहिलं: चहा, रिजेक्ट. उजव्या हाताने लिहिलं. मलाच वाचता येत नाही.