मामा, बत्तीसबद्दल थोडं

कॉटर्स बेंड, आर्कान्सा
मंगळवार

तीर्थरूप हॉलिस मामांस,

वेंडेलचा आदरपूर्वक नमस्कार. इथे आम्ही सगळे ठीक आहोत. आईची पाठ, कुत्र्याचा कान आणि मी, एवढे सोडून. तुमच्या गुडघ्यांना ॲरिझोनाची कोरडी हवा मानवली का? मामींना नमस्कार सांगा, आणि त्यांनी पाठवलेला निवडुंग जिवंत आहे हेही सांगा (मी त्याला पाणी घालत नाही, फक्त रोज बघतो).

तुमचं पत्र मिळालं. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी तुम्ही येणार आणि नेमबाजी क्लबच्या मैदानाच्या चाव्या माझ्या हवाली करणार. मात्र रिवाजाप्रमाणे मी सगळ्यांसमोर सहा गोळ्यांत सहाच्या सहा लोखंडी पाट्या आडव्या केल्या तरच. नाहीतर चाव्या मावशीच्या डेल्मरला. हे मी चार वेळा वाचलं. मामा, सहा वर्षं त्या मैदानावरचं गवत मी कापतो, पाट्यांना पांढरा रंग मी देतो, सापही मीच हाकलतो (मारत नाही, विनंती करतो). दहावीत शाळा सोडल्यापासून गावात कुणी ‘वेंडेल कोण?’ असं विचारलं, तर लोक ‘तो मैदानावरचा’ असं सांगतात. चाव्या डेल्मरकडे गेल्या तर मी कुठला, हे मलाच सांगता येणार नाही. म्हणून जे घडलं ते लपवत नाही.

ॲरिझोनाला जाताना तुम्ही दिलेलं जाड गोळीचं, पंचेचाळीसचं पिस्तूल मी रोज पुसतो. पुसताना काहीच अडचण येत नाही. अडचण फक्त ते झाडताना येते. गेल्या महिन्यात सरावाच्या दिवशी डेल्मरने माझ्या नकळत मॅगझीनमध्ये खऱ्या गोळ्यांच्या मधोमध एक बिनबाराची गोळी घुसवली. युक्ती तुमचीच. बार उडाला की धुरात आणि आवाजात सगळं झाकून जातं. बिनबाराची आली की नुसतं टक् होतं आणि माणूस आतून किती भेदरलाय ते उघड्यावर पडतं. माझ्या तिसऱ्या गोळीला टक् झालं. पिस्तुलाची नळी थेट जमिनीकडे गेली, डोळे घट्ट मिटलेले, खांदे कानांना टेकलेले, आणि तोंडातून ‘आई गं!’ बाहेर पडलं. बाकांवर अकरा जण बसले होते.

“काय रे वेंड्या, आईला बोलावू का शेजारी उभी राहायला?” डेल्मर म्हणाला.

(आई तिथेच कॉफी ओतत होती. ती म्हणाली, “आले रे.” मग बारा जण हसले, कारण पाद्रीसाहेब नुकतेच पोचले होते.)

त्यानंतर मी सगळे उपाय केले. कानात कापूस कोंबून वर कान झाकणारी पट्टी लावली. चाप ओढताना स्तोत्र म्हणून पाहिलं. स्तोत्राच्या ज्या शब्दावर बार उडायचा तो शब्द आता चर्चमध्ये आला तरी मी दचकतो. पाट्या मात्र जागच्या जागी. शेवटी इडाबेलबाई उठल्या. याच त्या, शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं घेवडा शिजवलेल्या. त्यांनी पर्समधून लहान गोळीचं, बत्तीसचं रिव्हॉल्व्हर काढलं. मामा, बत्तीसबद्दल तुमचं मत मला पाठ आहे: ती गोळी लागली तर माणूस विचारतो, “दारात कोण आलंय?” हे वाक्य मी गावभर सांगत फिरलो आहे. इडाबेलबाईंच्या तोंडावरसुद्धा, आणि तेही त्यांच्याच हातचा मक्याचा पाव खाताना.

“मेल्या, ढोल बडवायला आलायस की नेम धरायला?” त्या म्हणाल्या. “हे घे. आणि डोळे उघडे ठेव, इथे तुला कुणी मारत नाहीये.”

मी घेतलं. धक्का बसला तो कुणीतरी लाडाने टपली मारावी एवढाच. आणि मामा, पांढऱ्या रंगावर करडा ठिपका उमटताना मला दिसला. सहा वर्षं त्या पाट्या रंगवतोय, पण गोळी लागताना पाटी मी कधी पाहिलीच नव्हती. दुसरीवर ठिपका. तिसरीवर. सहाही पाट्यांवर, जवळजवळ मध्यभागी. आयुष्यात इतकं लागोपाठ बरोबर माझं काही आलेलं नाही. मी वळून बाकांकडे बघितलं, तर कुणी टाळ्या वाजवत नव्हतं. पाट्या छान वाजल्या होत्या, पण पडली एकही नव्हती.

“ठोठावलंस झकास,” डेल्मर म्हणाला. “आता कुणी दार उघडतंय का बघ.”

तेव्हा शनिवारी पंचेचाळीसने चुकायचं की बत्तीसने लागूनही पाडायचं नाही, एवढंच ठरवायचं उरलं आहे. दोन्हीकडून चाव्या जातात. तरीही बत्तीसला मी पुन्हा कधी हसणार नाही, आणि तुमच्याशी खोटं नको म्हणून हे कळवलं. मागणं काही नाही.

तुमचा आज्ञाधारक भाचा (‘आज्ञाधारक’ हा शब्द पत्र शेवटपर्यंत वाचून मगच मान्य करावा),
वेंडेल

ता. क. (बुधवार) – मागणं एक आहे. पाट्या रंगवताना आज मागे वाकून पाहिलं. प्रत्येक पाटीच्या मागे एक पेच आहे, आणि सहाही पेच इतके पिळलेले आहेत की पाट्या नेमबाजाकडे झुकून उभ्या आहेत. पाणसळ लावून खात्री केली. इडाबेलबाईंचं म्हणणं, “हॉलिसनेच ते पिळलेत. पंचेचाळीसखेरीज कशानेही पडू नयेत म्हणून.” मी त्यावर विश्वास ठेवत नाही (मला ते खरं वाटतं, पण विश्वास ठेवत नाही). तुमची परवानगी असेल तर पेच अर्धा फेरा सैल करावेत का?

ता. क. (गुरुवार) – पेच सैल झाले आहेत. मी फक्त पाना धरला होता. फिरला तो इडाबेलबाईंच्या शब्दाने.

ता. क. (शुक्रवार) – आज सकाळी कुणी यायच्या आत बत्तीसच्या सहा गोळ्या झाडल्या आणि सहाही पाट्या पडल्या. मी ओरडलो. मग त्या पुन्हा उभ्या केल्या, रिव्हॉल्व्हर रिकामं करून ठेवलं आणि टोपी घालतोय, तोच नदीकडून वाऱ्याची झुळूक आली आणि तीन पाट्या आपल्या आपण आडव्या झाल्या. इडाबेलबाई म्हणतात, “पडल्या ना? मग पाट्यांना कारण विचारू नये.” डेल्मरला हे ठाऊक नाही, कुणालाच कळणार नाही. पण मामा, माझ्या सहा गोळ्यांच्या वेळी वारा होता का, ते मला आठवत नाही. डोळे सताड उघडे होते, तरी सांगता येत नाही. कृपा करून त्या शेवटच्या शनिवारच्या दोन दिवस आधी, गुरुवारीच या, आणि वाऱ्याने पडणार नाहीत पण गोळीने कदाचित पडतील, अशा जागी ते पेच तुमच्या हाताने बसवा. मग पाट्या उभ्याच राहिल्या तर चाव्या मी स्वतः डेल्मरच्या हातात देईन. चाव्या खिशात घालून जन्मभर झाडांची पानं हलतात का बघत बसण्यापेक्षा ते बरं.