मशीनची गादी

४ मे, सोमवार
आजपासून मशीनची नोंद ठेवणार. या घरात नोंद ठेवण्याची अक्कल असलेला मी एकटाच. सकाळपासून कॉम्प्युटर तीनदा आपोआप बंद पडला.

काम गंभीर आहे. मयुरीचा स्टाफ नर्सच्या भरतीचा ऑनलाइन अर्ज. शेवटची तारीख १५ मे, संध्याकाळी सहा. पोरगी दोन वर्षं खाजगी दवाखान्यात राबते आहे. ही भरती हुकली तर पुढची कधी निघेल याचा नेम नाही. ती मागच्या आठवड्यात म्हणत होती, मोबाईलवर भरून टाकते. मोबाईलवर! आमच्या ऑफिसात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा त्याच्यावरचं प्लास्टिक कोणी काढलं होतं? मी. अंगठ्यानं भरलेल्या अर्जावर नोकऱ्या मिळत नसतात, असं स्पष्ट सुनावलं. तिनं मोबाईल खाली ठेवला. पटलं असावं.

सूचनांची चौदा पानं वाचली. दुसऱ्या कोणी वाचली नसणार. नियम नऊ: एकाच उमेदवाराचे दोन अर्ज आढळल्यास दोन्ही बाद. असले मूर्खही अर्ज करतात म्हणजे.

५ मे, मंगळवार
पाच वेळा बंद. कारण सापडलं: व्हायरस. कुठून आला तेही उघड आहे. माझा मेहुणा धम्मदीप मागच्या महिन्यात हिंगणघाटहून आला होता तो पेन ड्राइव्ह घेऊन. लग्नाचे फोटो दाखवायला. त्या घराण्याकडून मला आजवर काही चांगलं मिळालेलं नाही. बायकोला, दीपमालाला, हे सांगितलं. आज भाजीत मीठ नव्हतं.

फक्त कापूस चांगला मिळाला, हे मान्य. त्याच फेरीत त्याच्याकडून आणवला आणि मशीनच्या मापाची खास गादी भरून सीपीयूच्या डब्ब्याखाली घातली. पिपरीच्या या रस्त्यावरून ट्रक गेला की फरशी हादरते, मशीनला धक्के बसतात. गादी आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी हे बंद पडणं सुरू झालं. म्हणजे गादी अगदी वेळेवर आली. नसती तर मशीन कायमचंच गेलं असतं.

७ मे, गुरुवार
विंडोज नवीन टाकली. टाकताना दोनदा बंद पडलं, तरी टाकली. याला चिकाटी म्हणतात. नंतर बावीस मिनिटं चाललं.
बंद.

८ मे, शुक्रवार
दीपमालानं मला न विचारता बोरगावहून भूपेंद्रला बोलावलं. रिपेअरिंगचं दुकान आहे त्याचं. आला, पेचकसही काढला नाही, डब्ब्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, काकाजी, हे गादी काढा पयले, हा खालून हवा घेते, तापून राह्यला. मी विचारलं, शिकलास कुठे? म्हणे, दुकानात. दुकानात! मशीन काय रेडा आहे हवा घ्यायला? चहा पाजून वाटेला लावला. दीपमाला फाटकापर्यंत गेली आणि दहा मिनिटं त्याच्याशी बोलत उभी राहिली. माझ्याशी एवढं बोलत नाही.

१० मे, रविवार
बाहेर सेहेचाळीस. कूलर मशीनकडे वळवला. मशीन आधी, माणसं नंतर. दीपमाला म्हणाली, आमी काय मग माठात जाऊन बसावं? कूलरमध्ये आणखी दोन बादल्या पाणी ओतलं.

चाळीस मिनिटं चाललं. उपाय बरोबर, कूलर कमी पडला.

एक नोंद घेण्यासारखी गोष्ट. दुपारी दीपमालानं स्वतः येऊन गादी नीट केली. कडा वर ओढून चारही बाजूंनी डब्ब्याला घट्ट खोचून दिल्या. चौतीस वर्षांनी तिला मशीनची किंमत कळते आहे. भूपेंद्रपेक्षा बायकोला जास्त समजतं, हे लिहून ठेवतो.

१२ मे, मंगळवार
अर्जाच्या पहिल्या पानापर्यंत पोचलो. मयुरीचा नंबर टाकला तर साइट म्हणते, या मोबाईल नंबरवर नोंदणी आधीच झालेली आहे. कोणी बनवली असेल ही साइट? भूपेंद्रसारख्यांनीच. मयुरीला दाखवलं. तिनं खाली पाहिलं आणि म्हणाली, साइटच तशी हाय बाबा. पहिल्यांदाच पोरगी माझ्या मताची झाली. माझा नंबर टाकला. घेतला! अडाण्यांशी असंच वागावं लागतं.
अठरा मिनिटं. बंद.

१५ मे, शुक्रवार, दुपारी ४
पाच पानं भरली. फोटो चढला, सही चढली. आता फक्त शेवटचं बटण. मयुरी मागे उभी आहे. घाम पुसते आहे. बापाबद्दल अभिमान असेल.

४.१०
बंद.

५.२०
पुन्हा पाचही पानं. पुन्हा बंद. मयुरी देवाला करावा तसा नमस्कार कॉम्प्युटरला करत होती.

५.५८
बटणावर बाण नेला. काळा स्क्रीन.

६.०५
मुदत संपली. माझ्यामुळे पोरीची नोकरी गेली.
मशीनमुळे.
नाही. माझ्यामुळेच. तिनं मोबाईलवर भरला असता तर झाला असता. तिच्याकडे पाहवत नाही.

७.००
मयुरीनं पाणी आणून दिलं आणि सांगितलं की तिनं दोन तारखेलाच मोबाईलवर अर्ज भरला होता. मी म्हटलं, मग बोलली काऊन नाई? म्हणे, तुमी एवढं मन लावून करून राह्यले होते, बाबा. मी म्हटलं, अन् माझा अर्ज गेला असता तर? नियम नऊ! दोन्ही बाद! ती म्हणाली, म्हणून तर आईनं गादी खोचून ठेवली होती. भूपेंद्रभाऊनं सांगतलं होतं, गादी हाय तोवर हा काई चालत नाई.

जेवलो नाही.

१६ मे, शनिवार
सकाळी दीपमालानं गादी ओढून काढली. आता काढाले हरकत नाई, म्हणाली. ऊन दाखवलं, झटकली आणि स्वयंपाकघरात स्वतःच्या पाटावर टाकली.

मशीन नऊ वाजता सुरू केलं. आता संध्याकाळचे सहा वाजले. एकदाही बंद पडलं नाही. दिवसभर समोर बसून होतो. त्याच्यावर करण्यासारखं काहीच काम नव्हतं.