गुंडीची पिल्लं खायला लागली

प्रिय ठकूबाई,

गुंडीची पिल्लं खायला लागली. या बातमीत तुला काडीचाही रस नसेल हे मला कळतं. तरी पहिली तीच सांगते, कारण गेले कित्येक दिवस तू फोनवर ‘ठीक’, ‘बरं’ आणि ‘ठेवते’ याखेरीज काही बोललेली नाहीस, आणि मलाही हवापाण्यापलीकडे काही सुचलेलं नाही. तू रागावली आहेस. रागावणारच. पोरीने बाळंतपणाला ये म्हणून आईला बोलावलं, आणि आई म्हणाली, अंडी आहेत, जमायचं नाही. तीही अजगराची अंडी! तुला माझ्यापेक्षा ती वेटोळी जवळची, असं म्हणून तू फोन आपटलास. ते वाक्य मला रोज भांडी घासताना ऐकू येतं. आता तुझे दिवस भरत आलेत आणि मी येणार की नाही, याचं खरं उत्तर तुला मिळायला हवं. फोनवर मला ते सांगता येत नाही, म्हणून कागद घेतला. अक्षराला नावं ठेवू नकोस. बसत-उठत लिहितेय, दमायला होतं.

गुंडी या घरात कशी आली हे तू सोयीस्कर विसरतेस, म्हणून आठवण करून देते. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी तू तिला बुटांच्या खोक्यात घालून घेऊन आलीस. मैत्रीण गावाला चाललीय, थोडेच दिवस ठेवायची आहे म्हणालीस. मी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर चढून उभी आणि तू जमिनीवर हसून हसून लोळतेयस, असं ते स्वागत झालं. छोट्या जातीचा अजगर, पूर्ण वाढला तरी मीटरभराचा, विष नाही, आवाज नाही, घाबरला तर चावायचं सोडून डोकं आत घेऊन अंगाचा गोळा करून बसणार. तो गोळा बघून तू म्हणालीस, ही तर आईच्या कामातली गुंडी. गणवेशाच्या कारखान्यात मी जन्मभर काजं आणि गुंड्या केल्या, त्यामुळे नाव चिकटलं ते चिकटलंच. ती मैत्रीण गावाहून परतली की नाही, देव जाणे. तू मात्र नोकरीला गेलीस. जाताना मला बजावलंस की पाणी रोज ताजं ठेवायचं, फ्रीझरमधला मेलेला उंदीर पाण्यात कोमट करूनच द्यायचा, आणि हाताला उंदराचा वास असताना तिला उचलायचं नाही. मुलगी गेली, अजगर राहिला. शेजारच्या टायपिस्टबाई कितीतरी दिवस आपल्याकडे चहाला आल्या नाहीत.

मग तिला एकटीला करमत नसेल, असं तुझ्याच डोक्यात आलं. एकटीला मलाही करमत नव्हतं, पण ते मी बोलले नाही. सुट्टीत तू जोडीदार आणलास. आपण त्याला जावई म्हणायला लागलो आणि कुठल्या खऱ्या जावयाचे होणार नाहीत इतके त्याचे लाड केले. थंडीत खोली जरा गार ठेवायची, दोघांना एका डब्यात सोडायचं, पुन्हा वेगळं करायचं, सगळं पुस्तकाबरहुकूम. दोन हिवाळे आपण वाट बघितली. गुंडीचंच काहीतरी बिघडलंय म्हणून मी तिला घेऊन प्राण्यांच्या दवाखान्यात गेले, तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आधी त्याला आणा. बारीक सळईने तपासून त्यांनी सांगितलं, जावई म्हणजे बाई आहे. तू फोनवर एवढी हसलीस की तुझ्या ऑफिसातले लोक गोळा झाले. जावई अजून आहे, नावही तेच आहे, मधल्या डब्यात सुखाने लोळत असतो. तुझ्या नवऱ्याला हे सांगितलंस का गं? नसशील तर राहू दे, बिचारा भला माणूस आहे. खरा नर नंतर आला. त्याला मी नावच ठेवलं नाही.

तुला वाटतं मला त्यांचं वेड आहे. वेड कसलं, सवय झालीय. तुझ्या खोलीत कपड्यांच्या कपाटाजागी डब्यांची मांडणी आली, अभ्यासाच्या टेबलावर अंडी उबवायचं थर्माकोलचं खोकं बसलं, आत तापणारी पट्टी आणि तापमान धरून ठेवणारं ते टिकटिकणारं यंत्र. सकाळी उठून आधी तिथला आकडा बघायचा, मग चहा. पाणी बदला, खालचा कागद बदला, कोणाची कात निघायला आलीय ते बघा, डोळ्यांवर निळसर साय आली असेल तर त्याला हात लावू नका. कारखाना सुटल्यावर लोक विचारायचे, आता वेळ कसा घालवता? मी म्हणायचे, पोराबाळांत जातो. खोटं नव्हतं. आणि खरं सांगू का, मला ते आवडायचे. हातावर घेतलं की अंगातली सगळी घाई निघून जायची. बाबा गेल्यानंतर या घरात कोणाच्या अंगाला हात लागेल असं दुसरं होतं कोण? पण गेल्या वर्षापासून डबा खाली उतरवायचा म्हटलं तरी जिवावर येतं. मी वयाला दोष दिला, चष्म्याला दिला, डब्याच्या झाकणाला दिला.

यंदा गुंडीने अंडी घातली तेव्हा दुपार होती. कात टाकून महिना झाला होता, ती पोट वर करून झोपायची, म्हणजे वेळ आलीच होती. झाकण काढलं तर अंड्यांभोवती वेटोळं घालून बसलेली आणि वरून हनुवटी टेकलेली. या वेळी तिला सोडवायचं काम फार जपून करावं लागतं. आधीच्या अंड्यांच्या वेळी तू केलं आहेस, तुला ठाऊक आहे. अंडी एकमेकांना चिकटलेली असतात आणि जी बाजू वर आहे ती शेवटपर्यंत वरच राहायला हवी, कोंबडीच्या अंड्यांसारखी फिरवून चालत नाहीत. म्हणून आधी पेन्सिलीने प्रत्येकाच्या माथ्यावर खूण करायची आणि मगच हलवायचं. मी गुंडीला बाजूला काढलं, पेन्सिल घेतली, आणि कडेचं एक सुटं अंडं माझ्या हाताने ढकललं गेलं. डब्यात गोल फिरलं आणि थांबलं. खूण झाली नव्हती. वरची बाजू कुठली, ते मला सांगता येईना. हात ओला होता म्हण, घाई झाली म्हण. मी टॉर्च लावून बघितलं, आत धड काही दिसलं नाही, तेव्हा अंदाजाने ठेवून दिलं. बाकीच्यांवर खुणा केल्या, त्या सगळ्या नागमोडी आल्या. मग गुंडीला कोमट पाण्याने धुतलं. तिच्या अंगावर अंड्यांचा वास राहिला तर ती मोकळ्या जागेलाच वेटोळं घालून बसते आणि अन्नाला तोंड लावत नाही. तिला धूत धूत मी मोठ्याने रडले. टायपिस्टबाई दार वाजवून विचारून गेल्या.

त्याच आठवड्यात तुझा फोन आला. किती आनंदात होतीस तू. पाळण्याला रंग कुठला द्यायचा, खिडकीजवळ ठेवायचा की भिंतीशी, सगळं सांगितलंस. मग म्हणालीस, आई, पहिले दोन-तीन महिने तू हवीस, बाळाला अंघोळ घालायला मला धीर होणार नाही, तूच घाल. मी म्हटलं, अंडी आहेत गं, खोक्यापासून हलता येत नाही. तू आधी थट्टा समजलीस. मग डॉक्टरीणबाईंकडे ठेव म्हणालीस, मग मी न्यायला येते म्हणालीस, आणि शेवटी ते वेटोळ्यांचं वाक्य. तुझ्या प्रत्येक बोलण्याला मी काहीतरी काढत गेले. तुझं दुखावणं मला कळत होतं आणि तरी माझ्या तोंडून अंडी, अंडी एवढंच निघत होतं.

ते घरंगळलेलं अंडं वाचलं नाही. आधी पिवळट पडलं, मग खोलगट झालं, मग त्याला बुरशी धरली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ताज्या अंड्याला एवढ्याने काही होत नाही, ते मुळातच पोकळ असणार. असेल. पण आपल्या हाताखालून गेलेलं अंडं पोकळ होतं असं मानून घेणं कठीण जातं. बाकीची सगळी फुटली. टरफलाला चीर पाडून इवलीशी तोंडं बाहेर आली आणि दिवसभर तशीच राहिली. मी खुर्ची टाकून समोर बसले. मदत म्हणून ओढून काढायचं नसतं, आपण फक्त बसायचं असतं. एरवी मी तुला लगेच फोन केला असता. हात फोनपर्यंत गेला आणि परत आला.

पुढे पिल्लांनी पहिली कात टाकली आणि खाईनात. मेलेला उंदीर पिल्लाला उंदीर वाटतच नाही, चिमट्यात धरून तो जिवंत असल्यासारखा हलवावा लागतो. त्यात तू हुशार होतीस, मी कायम चुकायचे, एक तर फार जोरात हलवायचे नाही तर नाकावर आपटायचे. या खेपेला मी जरा टाळाटाळच केली. शेवटी डॉक्टरीणबाई स्वतः घरी आल्या, म्हणाल्या, माझ्यासमोर द्या बघू. मी चिमटा घेतला, हात डब्यावर नेला आणि नुसता धरला. मी काही हलवत नव्हते. पहिल्या पिल्लाने मान मागे घेतली आणि झडप घातली. मग दुसऱ्याने. एकामागून एक सगळ्यांनी घेतलं, अगदी त्या मरतुकड्या धाकट्यानेसुद्धा. मला इतका आनंद झाला की मी वळून बघितलं, वाटलं त्या शाबासकी देतील. त्या पिल्लांकडे बघतच नव्हत्या. माझ्या हातातला चिमटा त्यांनी काढून घेतला आणि विचारलं, हे कधीपासून होतंय?

गेल्या वर्षापासून होतंय, ठकू. आधी कपातला चहा बशीत सांडायचा, म्हणून कप अर्धाच भरायला लागले. मग सुईत दोरा ओवता येईना. जन्मभर ज्या हातांनी गुंड्या लावल्या त्यांना स्वतःच्या झंपरची गुंडी लागेना, म्हणून चेनचे कपडे घेतले. मागच्या खेपेला तू आलीस तेव्हा मी तुझ्यासमोर जेवले नाही, पोट बिघडलंय म्हणाले. डॉक्टरीणबाईंनीच मला ओळखीच्या मज्जातंतूंच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी कागदावर गोल गोल रेघ काढायला सांगितली, नाकाला बोट लावायला सांगितलं, चालवून बघितलं. म्हणाले, घाबरण्यासारखा आजार नाही, जिवाला धोका नाही, हाताचा कंप आहे. हात टेकलेला असला की शांत, काही उचललं, धरलं, पुढे केलं की थरथरणार. गोळ्यांनी कमी होईल, पूर्ण जाईलच असं नाही. मी विचारलं, आणखी वाढेल का? हळूहळू वाढू शकतो म्हणाले. मी गोळ्या घेतेय. झोप फार येते आणि फरक थोडाच पडलाय.

तर आता पिल्लं खातात आणि माझ्याकडे सांगायला एकही सबब उरलेली नाही. अंड्यांसाठी मी कधीच अडले नव्हते, डॉक्टरीणबाई खोकं ठेवून घ्यायला तेव्हाही तयार होत्या. तू म्हणालीस, बाळाला अंघोळ तू घाल, आणि मला माझ्या हातातून घरंगळणारं बाळ दिसलं. तुझं बाळ माझ्या हातून पडेल या भीतीने मी नाही म्हटलं. हे तुला सांगण्यापेक्षा तू मला दुष्ट समजलेली बरी, असं वाटत होतं. आता तसं वाटत नाही, किंवा तसं वाटून घ्यायची ताकद राहिली नाही. शनिवारी डॉक्टरीणबाई सगळे डबे घेऊन जातील, रविवारच्या गाडीचं तिकीट काढलंय. मी येतेय. तुझं डोकं चेपून देईन, कपडे वाळत घालीन, तू झोपलीस की पाळण्याशी बसून राहीन. अंघोळ तुझा नवरा घालेल, शेजारी बसून कसं धरायचं ते मी त्याला सांगेन. बाळाला माझ्या हातात देऊ नका. मला भिंतीला टेकून खाली बसू दे, आणि मग तू त्याला माझ्या मांडीवर ठेव. आणि कोणी विचारलंच की आजी बाळाला उचलून का घेत नाही, तर तेवढं उत्तर तू दे. मला ते बोलायला जमायचं नाही.

रविवारी रात्री पोचणारी,
तुझीच,
आई