मुलुंडचा फ्लॅट आणि बंद गॅलरी

मी रत्नप्रभा जयवंत घाडी, वय छप्पन्न, राहणार मुलुंड पूर्व. एचआयव्ही माझ्या रक्तात आहे, डोके शाबूत आहे. गोळ्या नियमित घेते. हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, माझ्याच मर्जीने लिहिते.

१. माझे पती जयवंत गिरणी बंद पडल्यावर गुजरातच्या लाइनीवर ट्रक चालवू लागले. तिकडून दुखणे घेऊन आले, ते मलाही लागले. वॉर्डात त्यांना हात लावायला कोणी येईना. मीच पुसले, भरवले. ते गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, "माझ्या झिलाक तूच खाल्लंस." लोकांना मात्र त्यांनी टीबी सांगितला.

२. माझे दागिने मोडून घेतलेली चाळीतली खोली माझ्या नावावर होती. चाळ पाडल्यावर तिच्या बदल्यात हा मुलुंडचा फ्लॅट मिळाला. त्यात दीर हर्षद कुटुंबासह राहतो आणि मी बंद केलेल्या गॅलरीत. एकदा त्याला घर सोडायला सांगितले. तो शांतपणे म्हणाला, "वहिनी, जा ना कोर्टात. तुझा रिपोर्ट सोसायटीच्या बोर्डावर लावतो." त्याच्या मुलीचे, श्रुतिकाचे, लग्न ठरत होते. माझ्या माहेरी कोणी उरले नव्हते. मी कोर्टात गेले नाही.

हा फ्लॅट मी शकु नितेश पेडणेकर, घाटकोपर, हिला देते. गोळ्यांच्या रांगेत आमची ओळख झाली. आजार नवऱ्याने दिला आणि बाहेर सासरच्यांनी काढले, अशा त्या रांगेत पुष्कळजणी आहेत. शकु बहिणीच्या स्वयंपाकघरात झोपते. हर्षदने तीन महिन्यांत घर रिकामे करावे.

३. माझे वेगळे ठेवलेले ताट हर्षदला. त्याने त्यात एकदा जेवावे. ताटातून हा आजार जात नाही, हे डॉक्टरांनी त्याला माझ्यासमोर सांगितले होते.

४. माझ्या निधनाच्या फलकावर 'अल्पशा आजाराने' असे लिहू नये. आजाराचे नाव लिहावे.

५. श्रुतिका बाळंतपणाला आली तेव्हा तिने बाळ माझ्यापुढे धरले. "काकू, घे ना गं." हर्षद दारात उभा होता. मी म्हटले, "हात दुखतायत गं." ती बाळाला घेऊन आत गेली, तिने पुन्हा कधी विचारले नाही. बाळासाठी घेतलेले चांदीचे वाळे मी गोळ्या मिळतात त्या केंद्रातले समुपदेशक श्री. भीमराज कांबळे यांच्याकडे ठेवले आहेत. ते तिला द्यावेत आणि सांगावे, काकूचे हात दुखत नव्हते.

श्री. भीमराज यांनीच या मृत्युपत्राची अंमलबजावणी करावी. कागदही त्यांच्याकडेच राहील, घरी ठेवण्याची सोय नाही. मी मेल्यावरच तो उघडावा. तोवर मला त्याच गॅलरीत राहायचे आहे.

सही: रत्नप्रभा जयवंत घाडी

आम्हा दोघांसमोर त्यांनी सही केली:
१. मृणालिनी देवेश साठे, विलेपार्ले
२. यज्ञेश मार्तंड कर्णिक, मुलुंड

घाटकोपर, ९ जानेवारी २०२५