अण्णांच्या नळीतला उशीर

सोमवार, ३ तारीख

पोचलो! आणि चक्क दहा मिनिटं आधी. हिला फोनवर सांगितलं तर म्हणाली, घड्याळ पुढे गेलंय का बघ. बरोबरच आहे तिचं. मी जन्मालासुद्धा बारा दिवस उशिरा आलो होतो, आई अजून ऐकवते. स्वतःच्या लग्नात मुलगीच माझी वाट बघत बसली होती. म्हणून या खेपेला शब्द दिलाय: बाळ यायच्या आत घरी. डॉक्टरांनी वीस तारीख सांगितली आहे. काम आठ दिवसांचं. काळजीच नको.

घर मोठं, भरपूर उजेडाचं, मागच्या खोलीत स्टुडिओ. मालकिणीला सगळे ताईच म्हणतात. तिचे वडील अण्णा, ऐंशीच्या पुढचे. त्यांनी तरुणपणी स्वतः एक वाद्य बनवलंय. पट्ट्यांची पेटी आणि तिला हातभर रबरी नळी. नळी तोंडात धरून फुंकायचं, बोटांनी सूर काढायचे. तक्रार एकच. अण्णा वाजवतात आत्ता आणि संगणकात आवाज उमटतो जरा वेळाने. आमच्या धंद्यात याला लेटन्सी म्हणतात. आठ गाणी त्यापायी अडून पडली आहेत. जन्मभर उशीर करणाऱ्याला उशीर दुरुस्त करायला बोलावलंय, म्हणजे चोराच्या हाती तिजोरी!

गॅलरीत खुर्चीवर एक काका बसलेले होते. गळ्याला रुमाल, तोंड उघडं, हनुवटीवर लाळ. नमस्कार केला, पण काही हूं की चूं नाही. चहा संपवून मी आत वळलो, तेव्हा कुठे त्यांनी मान हलवली. त्यांना वेळ लागतो, असं ताई म्हणाली.

मंगळवार, ४ तारीख

सकाळी नेहमीचे उपाय. संगणक आवाज घोटाघोटाने पितो. घोट मोठा तर उशीर मोठा. तो लहान केला. मग बाहेर एक टिचकी पाठवली, तारेने तीच परत आत घेतली आणि मधलं अंतर मोजलं: नऊ मिलिसेकंद. कुणाच्या कानाला कळणारही नाही. पण अण्णा वाजवायला बसले की तीनशे चाळीस!

म्हणजे उशीर तारेत नाही, नळीच्या पलीकडे आहे. आता फुंकेला काही तार जोडता येत नाही. मोजायचं तर कुणीतरी फुंकायला हवं, आणि खोलीत मी एकटाच.

मी लहानपणापासून किळशा. दुसऱ्याच्या भांड्यातलं पाणीसुद्धा पीत नाही. आणि ही नळी! टोकाला दातांचे खड्डे, खड्ड्यांत पिवळट काहीतरी साचलेलं, आतून चिकट धागा लोंबतोय. सुटीभर बंद राहिलेल्या डब्याचा वास. चार वेळा गरम पाण्याने धुतली, डोळे मिटले आणि घातली तोंडात. ती कोमट होती. पाण्याने झाली असेल.

माझ्या फुंकेसाठी माइक लावून वेगळा ट्रॅक उघडला. फाइलमध्ये ‘मी’ नावाचा एक रिकामा ट्रॅक आधीच होता, म्हणून माझं नाव ‘मी २’ ठेवलं.

बुधवार, ५ तारीख

जमलं! तीनशे चाळीस हा आकडा सॉफ्टवेअरच्या उशिराच्या चौकटीत घातला आणि सगळं जागच्या जागी बसलं. लोकांना वाटतं, सॉफ्टवेअर उशिराच्या आवाजाला पुढे ओढतं. तसं नसतं. सहलीत सगळ्यात सावकाश चालणाऱ्यासाठी बाकीचे थांबतात, तसं ते बाकीच्या ट्रॅकना रोखून धरतं. उशीर कुठे जात नाही, इतरांमध्ये वाटला जातो.

अण्णांनी अख्खं गाणं वाजवलं. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. शेवटी अण्णांनी स्वतःचं तोंड स्वतः पुसलं. ताई म्हणाली, वर्षभरात पहिल्यांदा.

माझा ट्रॅक फाइलमधून काढायचा राहिला. काम झालं की मोजणीचा ट्रॅक काढायचा, हे शिकाऊ माणसालाही ठाऊक असतं. उद्या काढतो.

शुक्रवार, ७ तारीख

परवा जुळवलेलं आज पुन्हा मागे पडलं. आकडा नऊशेवर नेला. अण्णा खूश. म्हणाले, अजून थोडं वाढवा.

नळी रात्री धुऊन, पुसून, उलटी टांगली होती. सकाळी आतून ओली. बोटाला लांबलचक तार आली. हात तीनदा धुतले, तरी बोटं एकमेकांना चिकटल्यासारखी वाटतात.

दुपारी सफरचंद खाल्लं. चव लागली ती घास गिळून झाल्यावर. आणि त्या चवीत दुसरीही एक चव होती. रबराची, शिळ्या थुंकीची. सगळं बेसिनमध्ये ओकलो.

सोमवार, १० तारीख

फाइल साफ केली. तो जुना ‘मी’ ट्रॅक उडवला. नक्की काढायचा का, असं सॉफ्टवेअरने दोनदा विचारलं. मी हो म्हटलं.

तेवढ्यात गॅलरीत धप्पकन आवाज झाला. काका खुर्चीतून घसरले होते. गेले. उघड्या तोंडातून घट्ट, पांढरं काहीतरी फरशीवर येतच राहिलं. एवढ्याशा माणसात एवढं मावतं कसं? ताईने आरडाओरडा केला नाही. त्यांच्या गळ्यातला रुमाल सोडला आणि धुवायला टाकला.

मी माझा ट्रॅक काढणार होतो. गडबडीत राहिलाच.

बुधवार, १२ तारीख

आकडा चार हजार. म्हणजे चार सेकंद. अण्णा आता जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढतात.

हिचा फोन आला होता. विचारत होती, प्रत्येक वाक्यानंतर गप्प का होतोस, माझ्याशी बोलायचा कंटाळा आलाय का. मी तर लगेच उत्तर देत होतो. रडली. तिचं रडणं माझ्यापर्यंत पोचलं, तेव्हा फोन बंद झाला होता.

शर्ट छातीपर्यंत ओला. माझीच लाळ. गार लागली ती मागाहून.

ताईला विचारलं, काका तुमचे कोण होते. ती म्हणाली, कोणीच नव्हते, तुमच्या आधीचे साउंडवाले होते, फार गुणी माणूस. तुम्ही वापरता ते हेडफोन त्यांचेच.

ते कानावर असतानाच ऐकलं. गाद्या ओलसर होत्या. रोजच असायच्या. मला घाम वाटायचा.

शुक्रवार, १४ तारीख

आता कळलंय. मोजताना मीच फुंकलं, आणि माझं नाव ट्रॅकच्या यादीतून काढलं नाही. अण्णांचा उशीर आता मी सोसतोय, आणि माझ्या आधी तो साउंडवाला —

तो जुना ‘मी’ ट्रॅक त्याचाच. त्याला मीच उडवलं. माउसच्या एका टिचकीने. देवा, मी माणूस मारला.

म्हणून माझा ट्रॅक काढता येत नाही. काढला तर मीही फरशीवर — तसाच —

एकच वाट आहे. आकडा शून्य करायचा.

रविवार, १६ तारीख

शून्य करायला हात उचलतो. हात पोचेपर्यंत अण्णांनी नवा आकडा घातलेला असतो. शेजारीच बसतात. दाढी गुळगुळीत केलेली, दात स्वच्छ. माझ्याकडे पाहून म्हणाले, वेळ लागतो, सवय होईल.

गिळलेलं खाली जात नाही. घशातच थांबतं. मग केव्हातरी — जेवण नसताना — काल खाल्लेलं —

नळी माझ्या तोंडात असते. मी घातलेली नसते. कोमट. तिच्यातून माझ्याकडे येतं — माझ्याकडून तिच्यात नाही, तिच्यातून —

मंगळवार, १८

पळालो. फाटकापर्यंत गेलो असं मला वाटलं. पाय अजून उठलेच नव्हते. गॅलरीत बसलो होतो.

ताईने रुमाल बांधला. धुतलेला, इस्त्रीचा. तरी त्याला वास आहे. त्याचा.

लिहितो ते मला नंतर दिसतं. ओळ ओल्या ओळीवरच —

बुधव

फोनवर हिचा निरोप. ताईने वाचून दाखवला. मुलगी झाली. एक दिवस आधीच. आईवर गेली. दोघी सुखरूप. हिने विचारलंय, कधी येतोस.

मला आनंद झाला असणार. अजून पोचला नाही. बसून वाट बघतोय. आत्ता फक्त कालची नळीची चव येते आहे, तोंड भरून, हनुवटीवरून —

अण्णा म्हणाले, मुलीचं रडणं आपल्या गाण्यात घेऊ. हिला सांगतो, पोरीला इथे आणू नको, फोनसुद्धा तिच्या तोंडाजवळ धरू नको. सांगतोच आहे. ताईच्या हातात फोन आहे, पलीकडून ही हॅलो, हॅलो म्हणते आहे, आणि मी केव्हाचा ओरडतोय, आवाज निघालाय माझा, वाटेत आहे, येईल, थांब जरा, ठेवू नकोस, ठेवू न