ट्रूडीचा सोलो

डुब्यूक, आयोवा
२३ जून १९८५

ती. अर्विनकाका यांस,
ट्रूडीचा सा. न. वि. वि.

ढोल-बिगुलांच्या पथकाबरोबर गावोगाव फिरत, रोज नव्या शाळेच्या जिममध्ये लाकडी जमिनीवर झोपून जितकं सुखरूप राहता येतं तितके आम्ही सगळे सुखरूप आहोत. दुपारी मैदानावर बिगूल इतका तापतो की हातमोज्याशिवाय धरवत नाही. आईने दिलेला बिस्किटांचा डबा पहिल्या रात्रीच बसमध्ये फिरला आणि रिकामा होऊन परत आला.

सोलो मला मिळाला हे बाबांनी तुम्हाला सांगितलंच असेल. तुम्हालाच काय, पेपर मिलमधल्या झाडून सगळ्यांना सांगितलं असेल. सत्तावीस जुलैला आमचा कार्यक्रम ग्रीन बेला आहे, तेव्हा ते मिलमधली आख्खी पाळी घेऊन येणार म्हणतात. एकविसावं संपलं की पथकातून बाहेर, त्यामुळे हा माझा शेवटचा उन्हाळा. बाबांनी माजी सैनिकांच्या लीजन पथकात माझ्यासारख्याच सोप्रानोवर, वरच्या सुरांच्या बिगुलावर, वाजवलेले सोलो अजून लोक आठवतात. आता त्यांना माझा ऐकायचा आहे. फोनवर ते एवढंच म्हणाले की बघू या.

काका, गोष्ट अशी की माझ्या वरच्या ओठाला आतून चीर पडली आहे, बरोबर माउथपीसची कड टेकते तिथे. वरचा सूर आला की डोळ्यांत पाणी येतं. सोलोच्या शेवटी तोच सूर धरून ठेवायचा आहे. आम्हाला बसवणाऱ्या पोकोर्नीसरांना सांगितलं तर ते मला गप्प बसवतील, म्हणून सांगितलेलं नाही. तुम्हाला काही उपाय माहीत असेल तर कळवा. बाबांना मात्र बोलू नका.

काकूंना सा. न. तुमचा लोभ आहेच, आत्ता मला त्याची गरज जास्त आहे.

तुमची,
ट्रूडी


कॉकॉना, विस्कॉन्सिन
२९ जून १९८५

चि. ट्रूडी हिस,
अर्विनकाकाचे अनेक आशीर्वाद.

पत्र दुकानात आलं तेव्हा माझ्या हातात वस्तरा आणि वस्तऱ्याखाली फादर वेरहागन होते. वाचून होईपर्यंत त्यांना अर्ध्या दाढीने बसवून ठेवलं. त्यांनी तुला आशीर्वाद सांगितले आहेत, मला नाही.

आता नीट ऐक. ओठाला चीर बिगुलाने पडत नाही, डाव्या हाताने पडते. वरचा सूर दिसला की माणूस घाबरतो आणि बिगूल तोंडाकडे खेचतो, सूर जणू पलीकडच्या बाजूला अडकलाय आणि ओढून काढायचा आहे. सकाळी बिगूल तळहातावर आडवा ठेव, पकडू नकोस, आणि एक लांब सूर काढ. त्यात जेवढा सूर येईल तेवढा तुझा. बाकीचा सगळा मनगटाचा. माउथपीस ओठाला गरम कॉफीचा कप लावावा तितकाच लाव. हवा पोटातून येऊ दे, खांदे कानाशी नेऊ नकोस. वाजवून झालं की लगेच गप्पा मारायला पळू नकोस, खालचे सूर हळू वाजव आणि घोड्यासारखे ओठ फडफडव. पोरं हसतील. हसू देत. खारे चिप्स बंद. उन्हात ओठांना मलम.

आणि जोरात म्हणजे चांगलं हे डोक्यातून काढ. दादा, म्हणजे तुझे तीर्थरूप, यांनी हे कधीच काढलं नाही. त्यांचा सोलो सुरू झाला की शेजारच्या गावातल्या गाई दूध द्यायच्या थांबायच्या.

पण हे सगळं बऱ्या ओठासाठी. चिरलेल्या ओठाला एकच औषध, ते म्हणजे न वाजवणं. निदान दोन दिवस बिगूल वर धर, पावलं टाक, फुंकू नकोस. रांगेत खिंडार पडणार नाही आणि ओठही मिटेल. आणि पोकोर्नींना सांग. ते चिडतील, पण उशिरा कळलं तर जास्त चिडतील.

दादा परवा केस कापायला आले होते. तासभर तुझ्या सोलोबद्दल बोलले. मी कात्री चालवत राहिलो आणि हूं हूं करत राहिलो, त्यामुळे त्यांचे केस जरा जास्तच कमी झाले आहेत.

काकू रुबार्बच्या आंबटगोड सारणाचा पाय भाजून फ्रीजरमध्ये ठेवते आहे. प्रकृतीला जप, मग माझ्या लोभाची काळजी करायला नको.

तुझा,
अर्विनकाका


लिमा, ओहायो
९ जुलै १९८५

ती. अर्विनकाका यांस,
ट्रूडीचा सा. न. वि. वि.

तुमचं ऐकलं नाही. घोड्यासारखे ओठ फडफडवले, चिप्स सोडले, पण दोन दिवस गप्प राहायचं काही जमलं नाही. सोलो माझ्या हातून जाईल ही भीती होती. मग परवा इंडियानात भर कार्यक्रमात शेवटचा सूर फुटला. फुटला म्हणजे नुसता घसरला नाही, आलाच नाही. बिगुलातून हवा आणि माउथपीसवर रक्त. पोकोर्नीसर ओरडले नाहीत. माउथपीस हातात घेऊन पुसलं आणि किती दिवस चाललंय एवढंच विचारलं. ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

त्याच संध्याकाळी ट्रॉयचा पाय मुरगळला. ट्रॉय म्हणजे आमच्या काँट्रावाल्यांतला उंच मुलगा. घोटा मोडलाय, घरी गेला. काँट्रा तर तुम्हाला मी सांगायला नको, खांद्यावर घ्यायचा तो सगळ्यांत मोठा, खालच्या सुरांचा बिगूल. जादा माणूस आमच्याकडे नाही. मैदानावरच्या शेवटच्या आकृतीत काँट्रावाल्यांची रांग उजव्या टोकाला वळते, आणि त्यात ट्रॉयच्या जागी खिंडार. स्टँडमधून दात पडल्यासारखं दिसतं. सरांनी सगळ्यांना जमवून विचारलं, कोणी जाईल का. कोणीच मान वर केली नाही. शेवटच्या महिन्यात जड बिगूल नव्याने शिकायला कोण जाईल?

जेवण झाल्यावर मी गुपचूप ट्रॉयचं माउथपीस लावून पाहिलं. ते एवढं मोठं आहे की कड चिरेच्या बाहेर टेकते. दुखलं नाही. एक खालचा सूर काढला तर माझ्याच फासळ्या हलल्या. मी सरांना जाऊन सांगितलं की मी जाते, सोलो ग्वेनला द्या. ग्वेन पथकात दुसऱ्या वर्षाला आहे, माझ्या शेजारी उभी राहायची, माझा सोलो तिला पाठ आहे. ती रडली. मी नाही रडले, म्हणजे तेव्हा नाही.

खांदा काळानिळा झाला आहे. पावलं डावीकडे जातात. पण हे सगळं निस्तरेन. बाबांना कसं सांगू ते मात्र सुचत नाही. ते मिलमधल्या लोकांना घेऊन येतील आणि सोलोला दुसरीच मुलगी पुढे येईल. काका, तुम्ही सांगाल का? तुमच्या खुर्चीत ते बसलेले असताना, गळ्याला फडकं बांधलेलं असताना. तेव्हा त्यांना उठून जाता येत नाही.

काकूंना सा. न. रागावला असलात तरी लोभ कमी करू नका.

तुमची,
ट्रूडी


कॉकॉना
१४ जुलै १९८५

चि. ट्रूडी हिस,
अर्विनकाकाचे आशीर्वाद, या वेळी थोडे जास्त.

रागावलो नाही. तुझी काकू म्हणते की पत्र वाचून मी दुकानाची पाटी उलटी करून तासभर आत बसलो होतो. मला आठवत नाही.

दादांना मी सांगणार नाही. ज्याच्या हातात वस्तरा आहे त्याने वाईट बातमी देऊ नये. आणि खरं सांगायचं तर, ही बातमी माझ्या तोंडून गेली तर ती तक्रार वाटेल. तू सोडलंस, तूच सांग. दोन ओळी लिही, पण फोन नको, फोनवर तो माणूस नुसता हं म्हणतो.

आता काँट्राबद्दल. यावर मला बोलायला कोणी विचारलंच नव्हतं, इतकी वर्षं वाट पाहतोय. टॉवेलाची घडी करून खांद्यावर शिवून टाक, नुसती ठेवलीस तर सरकते. वजन एका बाजूला आहे म्हणून पावलं वाकडी जातात. टाच आधी टेकव, बोटं वर ठेव आणि कंबर समोरच्या रेषेकडे धर, मग खांदे कुठेही असोत. मोठा बिगूल आळशी असतो, उठवल्याशिवाय उठत नाही. सोप्रानोवर फुंकलं की सूर हजर. इथे हवा जरा आधी सोडावी लागते. श्वास सगळे घेतात तिथे घेऊ नकोस. शेजाऱ्याशी ठरवून घे, तो घेईल तेव्हा तू वाजव, तू घेशील तेव्हा तो. खालचा सूर कधी थांबता कामा नये. जमीन मध्येच संपली तर वरचे लोक उभे कुठे राहणार?

आणि सगळ्यांत मोठी चूक सांगतो, कारण सोप्रानोवरून आलेला प्रत्येक जण ती करतो. त्या टोकाला उभं राहून कानावर भरवसा ठेवू नकोस. ढोल मधे असतात, त्यांचा आवाज तुझ्यापर्यंत पोचेस्तोवर शिळा होतो. त्याच्याबरोबर वाजवलंस तर तुला वाटेल मस्त जमलं, आणि स्टँडमधल्या लोकांना तू मागे राहिलेली ऐकू येशील. समोर उभं राहून हाताने ताल देतो त्या ड्रम मेजरचे हात बघ आणि त्यावर वाजव. कानाला चुकल्यासारखं वाटेल. वाटू दे.

लीजनमध्ये टाळ्या नेहमी दादांना मिळायच्या. मी मागे उभा राहून खालचा सूर धरायचो. मला त्याचं वाईट वाटायचं असं लोकांना वाटतं. मला फार मजा यायची. तुझ्या बापाचा तो प्रसिद्ध सूर माझ्या खांद्यावर उभा होता हे मला एकट्याला माहीत होतं. आता तुलाही कळेल.

ट्रॉयला कार्ड पाठव. आणि पाठीला शेक घे. आमची माया तुला पुरेल इतकी आहे, कमी पडली तर कळव.

तुझा,
अर्विनकाका


पिओरिया, इलिनॉय
२१ जुलै १९८५

ती. अर्विनकाका यांस,
ट्रूडीचा सा. न. वि. वि.

टॉवेल शिवला. आता सगळ्याच काँट्रावाल्यांनी शिवलेत, आणि कल्पना आपलीच असल्यासारखे मिरवतात. शेजारच्या डेलशी श्वासाचा करार झाला आहे. हातांकडे बघून वाजवायला लागले तेव्हा दोन दिवस सगळं चुकतंय असं वाटलं. तिसऱ्या दिवशी सरांनी वरून कर्ण्यातून विचारलं की काँट्रावाल्यांत आज काय झालंय, पहिल्यांदाच वेळेवर आहेत.

बाबांना पत्र टाकलं आहे. दोनदा फाडलं, तिसऱ्यांदा न वाचता पाकिटात घातलं. ओठ फुटला, सोलो ग्वेनला दिला, मी ट्रॉयच्या जागी आहे, येऊ नये असं वाटलं तर समजून घेईन, एवढंच. उत्तर येणार नाही हे माहीत आहे. बाबांनी मला आजवर एकही पत्र लिहिलेलं नाही, शाळेच्या सहलीलाही आईच लिहायची.

एक गोष्ट कबूल करते. इथे मागे मला बरं वाटतंय. ग्वेनचा सोलो सुरू होतो तेव्हा खाली आमचा एकच लांब सूर असतो. पहिल्या दिवशी तो वाजवताना जीव जळला. काल तिने शेवटचा सूर धरला आणि मला वाटलं, धर, धर, आम्ही आहोत.

ग्रीन बेहून आम्ही रात्रीच निघणार आहोत, त्यामुळे भेट होणार नाही. बाबा आलेच तर त्यांच्या शेजारी बसा. लोभ असू द्या, त्यांच्यावरही.

तुमची,
ट्रूडी


कॉकॉना
२८ जुलै १९८५

चि. ट्रूडी हिस,
अर्विनकाकाचे अनेक आशीर्वाद.

काल दादा आले. मिलमधले लोकही आले. तुझं पत्र त्यांच्या शर्टाच्या खिशात होतं, वरची कड दिसत होती. भाजलेले ब्रॅट सॉसेज खाल्ले, हवामानावर बोललो.

पथक आत आलं तसे ते सोप्रानोवाल्यांकडेच बघत राहिले. सवय. मी हळूच उजवीकडे बोट केलं. तिथे तू होतीस, त्या पिंपाखाली गालाचा एक तुकडा आणि हनुवटी. ग्वेन पुढे आली तेव्हा मिलमधल्या कोणीतरी हीच का म्हणून विचारलं. दादांनी मान हलवली. नाही म्हणाले, की हो म्हणाले, मला कळलं नाही. शेवटी तुमची रांग वळली, सगळे उभे राहिले. दादा बसूनच होते. मग कॉफीचा कप माझ्या हातात देऊन सरळ गाडीकडे गेले.

ट्रूडी, मी तुझ्याशी खोटं बोलणार नाही, त्यांच्या मनात काय आहे ते मला समजलं नाही. वाजवलंस मात्र उत्तम. मला आता बऱ्याच गोष्टी नीट ऐकू येत नाहीत, हे आलं. तू हातपाय गाळू नकोस. लोभ माझ्याकडचा तरी पक्का आहे.

तुझा,
अर्विनकाका


कॉकॉना
४ ऑगस्ट १९८५

चि. ट्रूडीस,
बाबांचे आशीर्वाद.

मला पत्र लिहिता येत नाही. तुझी आई शेजारी बसली आहे, पण सांगत काही नाही, नुसती हसते आहे.

तुझं पत्र वाचून मला राग आला होता. तुझा नाही. ओठ फुटेपर्यंत तू वाजवलंस ते कोणासाठी, ते मला कळलं म्हणून.

ती मुलगी चांगली वाजवते. घाईत आहे थोडी, सांग तिला. पण तिचा शेवटचा सूर चालू असताना मी बसलो होतो ती फळी थरथरायला लागली. आधी वाटलं कोणीतरी पाय आपटतंय. खाली पाहिलं, कोणी नव्हतं. तुमचा सूर होता तो. पायातून वर आला. एवढी वर्षं मी त्या सुरावर उभा राहून वाजवलं आणि कधी वळून पाहिलं नाही की मागे अर्विन आहे. मग माझ्याच्याने उभं राहवेना. नंतर चारचौघांत थांबवेना, म्हणून गाडीत जाऊन बसलो. अर्विनला हे सांगितलं आहे. तो म्हणाला, मान हलवू नका, कान कापला जाईल.

पथकांच्या स्पर्धेच्या मॅडिसनमधल्या अंतिम फेरीसाठी मी मार्चमध्येच मैदानाच्या मधल्या रेषेसमोरची, वरच्या ओळीतली तिकिटं घेतली होती. सोलो तिथूनच ऐकायचा असतो. काल जाऊन ती बदलून आणली. खिडकीवरच्या मुलीने दोनदा विचारलं, नक्की का, कारण त्या उजव्या टोकाहून आकृत्या सगळ्या वाकड्या दिसतात आणि आवाज नीट पोचत नाही.

मी म्हटलं, दिसू देत वाकड्या, माझी मुलगी तिथे उभी असते.

तुझे,
बाबा