वेर्नरच्या भाषणाची न कापलेली टेप

मी, एगॉन स्कोव, वय ७४, धंदा नळकाम, आता बंद, राहणार लेमविग, डेन्मार्क, शुद्धीवर असताना व कुणाच्या दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. पत्नी रिग्मोर हिला याबद्दल शंका आहे, ती तिच्या आग्रहावरून येथे नोंदवली.

१. घर, बाग व बँकेतील शिल्लक रिग्मोरची. जिन्याचा कठडा मी तीस वर्षे ‘या शनिवारी नक्की’ करीत आलो. तो तिने सरळ दुसऱ्याकडून करून घ्यावा.

२. पाने, पकडी वगैरे सर्व अवजारे मुलगा क्लाउस याची. त्याने ती उसनी देऊ नयेत. मी दिली, त्यातले एकही परत आले नाही.

३. क्लाउसची मुलगी अल्बेर्ता हिला घरच्या घरी फिल्म जोडण्याचा नाद आहे. तिला एक नवा कॅमकॉर्डर घेऊन द्यावा, स्वस्तातला. परवा मला चित्र दाखवून म्हणाली, “आजोबा, याचा झूम सत्तर पट आहे!” अगं, चंद्रावरचे खड्डे मोजायचेत का? खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेले काही वाचू नकोस. दुकानातच थोडे चित्रण करून घे, घरच्या कॉम्प्युटरवर ते उघडते का बघ, मगच पैसे दे. आणि बाहेरचा माइक लावायची सोय नसेल, तर फुकट मिळाला तरी घेऊ नकोस. का, ते पुढच्या कलमात.

४. थोरला भाऊ वेर्नर, समोरच्याच घरात राहतो, सोळा वर्षे माझ्याशी बोलत नाही. १९९६ साली माझ्या व रिग्मोरच्या लग्नाला पंचवीस वर्षे झाली. शेजाऱ्यांनी रातोरात दाराला सुरूच्या फांद्यांची कमान बांधली आणि सकाळी सहाला खिडकीखाली गाणी म्हटली. रिवाजाप्रमाणे आम्ही झोपेचे सोंग घेतले. मी तर पांघरुणातून कॅमेरा चालवत होतो. स्वतःच्या समारंभाचे चित्रण स्वतःच करणारा चिक्कू गावात मी एकटाच. कॅमेरा घेताना वेर्नर म्हणाला होता, “माइक लावता येईल असा घे रे.” मी म्हणालो, “तुझा आवाज अर्ध्या गावाला तसाच ऐकू जातो.”

संध्याकाळी सभागृहात तो वीस मिनिटे बोलला. माझ्या फिल्ममध्ये त्याचे अकरा सेकंद उरले. फिल्म गावाला दाखवली, तेव्हा सगळ्यांसमोर मी म्हणालो, “बाकीचं रटाळ होतं.” लोक हसले. वेर्नरने टोपी उचलली आणि निघून गेला. तेव्हापासून आम्ही कचऱ्याचे डबेसुद्धा एका वेळी बाहेर काढत नाही.

खरे असे की भाषण रटाळ नव्हते. मला धंदा शिकता यावा म्हणून त्याने चौदाव्या वर्षी शाळा सोडली, हे तो पहिल्यांदाच बोलला, आणि त्याचे वाईट वाटत नाही म्हणाला. कॅमेऱ्याचा माइक माझ्या तोंडाशी होता. टेपवर वीस मिनिटे माझे रडणे आहे, हुंदक्यांसकट आणि नाक ओढण्यासकट. ते गावाला ऐकवायची लाज वाटली, म्हणून मी त्याचे भाषण कापले. माझे चुकले. मूळ टेप व ती चालवणारा जुना कॅमेरा वेर्नरला द्यावा.

५. आज दुपारची भर. वारसांखेरीज दोन साक्षीदार हवेत. इंगेलिस शेजारीण आली. दुसरा शेजारी पोल थंडी संपेपर्यंत स्पेनमध्ये. रिग्मोर मला न विचारता रस्ता ओलांडून गेली आणि वेर्नरला घेऊन आली.

“वाचायचं नसतं, नुसती सही करायची,” मी म्हणालो. त्याने चष्मा लावून सगळे वाचले. चौथे कलम दोनदा वाचले.

“साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, एगॉन.”

“मग राहू दे, दुसरा कुणी बघतो.”

“सही मीच करणार. टेप आत्ता लाव.”

सबब चौथ्या कलमातील देणगी रद्द. टेप व कॅमेरा त्याच्या हाती दिला. वीस मिनिटे आम्ही चौघांनी माझे रडणे ऐकले. शेवटी वेर्नर म्हणाला, “गाढवा, माझं एकही वाक्य ऐकू येत नाही.” मग तो स्वयंपाकघरात उभा राहिला आणि सबंध भाषण पुन्हा म्हणाला. ते कुणीही चित्रित केले नाही. सह्यांना उशीर झाला तो त्यामुळे.

स्थळ: लेमविग. दिनांक: ११ फेब्रुवारी २०१२.

लिहून देणार: एगॉन स्कोव

आमच्यासमक्ष सही केली, डोके ठिकाणावर दिसले:
इंगेलिस ब्रो
वेर्नर स्कोव, भाऊ